सकाळची कॅप्सूल

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला रक्ततपासणीची खोली होती. तिथे गेली एकोणतीस वर्षं एक बाई लोकांचं रक्त काढत होत्या. लोक त्यांना ‘एकटोचे बाई’ म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं, आणि एका पेशंटने तर आभाराच्या पत्रावर तसंच लिहून पाठवलं होतं. त्याचं कारण साधं होतं. बाईंना दुसऱ्यांदा टोचावं लागत नसे. दंडाला रबरी पट्टा आवळायचा, बोटाने शीर चाचपायची, स्पिरिटचा कापूस फिरवायचा, आणि समोरचा ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडतो तोवर नळी भरलेली असायची.

बाईंचा हात हलका होता, जीभ मात्र तशी नव्हती. टोचण्याआधी खोलीच्या खिडकीपाशी कागद भरून घ्यायचा असतो, त्यात एक रकाना असतो: चालू औषधं. तिथे कुणी ‘काही नाही’ लिहिलं की बाई चष्म्यावरून बघत. “काही नाही? मग ही खिशातली पट्टी काय शोभेला आहे? अहो, लपवायला चोरी केली आहे का?” लोक ओशाळून एकेक पट्टी बाहेर काढत. बाईंनी आयुष्यात इतक्या जणांना या एका रकान्यावरून झापलं होतं, की लोक येतानाच पिशवी भरून औषधं आणायचे.

बाईंच्या सगळ्या पेशंटांत एक आजी म्हणजे खास. आजींच्या हृदयातली झडप बदललेली. त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, आणि ती किती घ्यायची हे दर मंगळवारच्या तपासणीवर ठरायचं. पण आजींच्या शिरा म्हणजे नुसता वैताग. बारीक, खोल, आणि सुई जवळ आली की बाजूला सरकणाऱ्या. दुसऱ्या कुणाच्या हाती पडल्या की आजींच्या हातावर जांभळी नक्षी उमटायची. म्हणून आजी खुर्चीत बसत, डोळे गच्च मिटत आणि म्हणत, “टोच गं बाई एकदाची.” गेली सहा वर्षं त्यांचं हेच चाललं होतं, आणि सहा वर्षांत बाईंनी आजींना दुसऱ्यांदा टोचलं नव्हतं.

आणि एका मंगळवारी बाईंनी आजींना तीनदा टोचलं.

पहिल्यांदा सुई शिरेच्या बाजूने गेली. दुसऱ्यांदा शिरेत गेली, पण बाईंचा अंगठा असा काही फडफडला की सुई आरपार. तिसऱ्यांदा कसंबसं रक्त आलं. आजींनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं, आणि बाईंच्या तोंडाकडे पाहून इतकंच म्हणाल्या, “असू दे गं. एखादा दिवस नसतो आपला.” त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. बाई आतल्या खोलीत गेल्या, नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआड दोन मिनिटं चांगल्या रडल्या.

कारण तो काही एखादा दिवस नव्हता. चार महिने झाले होते. आधी डाव्या डोळ्याची पापणी उडायला लागली. बाईंचे यजमान, म्हणजे बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मेकॅनिक, चहा पिताना म्हणाले होते, “या वयात डोळा मारतेस होय मला?” तेव्हा बाई हसल्या होत्या. मग पहाटे पोटऱ्यांत गोळे यायला लागले. ताडकन उठून बसायचं आणि यजमानांनी पाय चोळून द्यायचा. मग ओठांभोवती मुंग्या. आणि मग बोटं. आधी फक्त घरात, दूध ओतताना थरथरायची, पुढे पुढे कामावरही.

बाईंची आई शेवटची आठ वर्षं कपसुद्धा धरू शकत नव्हती. तिला भरवायला बाईच बसायच्या. तोच कंप आता आपल्या हाती आला, हे बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं. म्हणूनच त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जगाला तपासणीचा उपदेश करणारी बाई स्वतःचं रक्त तपासायला तयार नव्हती. आता काय म्हणायचं या बाईला!

आजींच्या त्या मंगळवारनंतर मात्र त्यांनी स्वतःच प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, “थोडे दिवस मला नळ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम द्या.” आणि सुईच्या खुर्चीवर त्यांच्या हाताखालची नवी मुलगी बसली, जिला सगळे चष्मेवाली म्हणत. चष्मेवाली स्वभावाने गरीब गाय, पण हात असा जड की पेशंट आणि ती दोघंही घामाघूम व्हायची.

“आता तरी दाखवतेस की नाही?” यजमान म्हणाले.

“दाखवते हो. कटकट नका करू.”

वरच्या मजल्यावर एक डॉक्टर होत्या, बाईंच्या लेकीच्या वयाच्या. शिकाऊ असताना त्यांनी पहिली सुई बाईंच्याच हाताखाली धरली होती. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. बाईंचं रक्त चष्मेवालीने काढलं, दोनदा टोचून, दोन्ही वेळा माफी मागून. कॅल्शियम कमी निघालं. आईच्या दुखण्यासारखं काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. बाईंच्या जिवात जीव आला. पण तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर कॅल्शियम होतं तिथेच! बोटंही तशीच. उलट आता बाईंना वाटायला लागलं, की डॉक्टर आपलं मन राखायला काही तरी सांगतात.

या तीन आठवड्यांत आजी दर मंगळवारी आल्या. चष्मेवालीकडून चार-चार वेळा टोचून घेतलं, तोंडातून ब्र काढला नाही. आणि जाताना चिठ्ठ्यांच्या टेबलापाशी थांबून, जांभळा हात पदराखाली लपवत विचारायच्या, “कधी बसतेस गं परत खुर्चीवर?” बाई म्हणायच्या, “बसेन की आजी.” आणि आजी वळल्या की पुढच्या दोन-तीन चिठ्ठ्या वाकड्या लागायच्या. परत बसता आलं नाही तर काय, हा विचार त्यांच्याने करवत नव्हता. एकोणतीस वर्षांत त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाताना यजमान सोबत आले. “इंजिन बंद पडलं की मला विचारतात, तू मला विचारत नाहीस,” असं म्हणत दार ढकलून आत शिरले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बाईंच्या दंडाला बांधला, हवा भरली आणि तशीच धरून ठेवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत त्यांचं मनगट वाकलं, बोटं आपोआप जवळ आली आणि अंगठा आत वळला, चिमटीत मीठ धरावं तसा. बाईंनी बोटं सरळ करायचा प्रयत्न केला, पण जमेना. डॉक्टरांनी हवा सोडली.

“बाई, आपण त्या दिवशी मॅग्नेशियम तपासलंच नाही.”

“कुणी लिहीतच नाही हो ते,” बाई म्हणाल्या. “महिन्यातून दोन कागदांवर असतं.”

“मीही नाही लिहिलं. चुकलंच माझं.”

अहवाल त्याच दुपारी आला. साहेबांनी स्वतः वर आणून दिला. मॅग्नेशियम पार तळाला गेलं होतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. स्नायू आवळायचं काम कॅल्शियमचं, आणि त्याला आवरून धरायचं, सैल सोडायचं काम मॅग्नेशियमचं. ते कमी पडलं की नसा आणि स्नायू उगाचच उड्या मारायला लागतात. शिवाय गळ्यात एक ग्रंथी असते, ती कॅल्शियमवर लक्ष ठेवते. मॅग्नेशियम फार खाली गेलं की ती ग्रंथीच सुस्तावते. मग वरून कितीही कॅल्शियम ओता, रक्तातलं काही वर येत नाही.

“पण मॅग्नेशियम गेलं कुठे?” डॉक्टर म्हणाल्या. “जेवण?”

“पालेभाज्या, डाळी, सगळं खाते.”

“जुलाब? दारू?”

“अगं... अहो डॉक्टर, काहीतरीच काय!”

“औषधं कोणती चालू आहेत?”

“काही नाही,” बाई ठामपणे म्हणाल्या. “तुम्ही दिलेलं कॅल्शियम सोडलं तर एक गोळी नाही.”

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, “आणि ती सकाळची?”

“कुठली सकाळची?”

“मी देतो ती. पित्ताची.”

“अहो, ते औषध थोडंच आहे!” बाई बोलून गेल्या.

डॉक्टरांनी ओठ दाबून हसू आवरलं. बाईंच्या कानापर्यंत रक्त चढलं. हेच वाक्य, अगदी याच सुरात, त्यांनी खिडकीपाशी हजार लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि हजार लोकांना त्यावरून फैलावर घेतलं होतं.

“किती दिवस घेताय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सात वर्षं झाली,” यजमानच म्हणाले. “गुडघ्याच्या गोळ्यांनी हिला जळजळ व्हायची, तेव्हा महिन्याभरासाठी दिली होती. गुडघा बरा झाला. कॅप्सूल राहिली. मी सकाळी उठतो, पेला भरतो, कॅप्सूल देतो, मग चहा. एक दिवस चुकवला नाही.”

हे शेवटचं त्यांनी अभिमानाने सांगितलं, बिचाऱ्यांनी.

“बंद करा म्हणून कुणी सांगितलं नाही?”

“कुणी सांगणार?” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “औषधांच्या दुकानातला मला ओळखतो. मी दिसले की न विचारता पट्टी काढतो.”

डॉक्टर म्हणाल्या, औषध वाईट नाही, गरज असते तेव्हा मोठं कामाचं आहे. पण वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. सगळ्यांना होत नाही, तुम्हाला झालं. मग त्यांनी ती कॅप्सूल हळूहळू कशी थांबवायची ते लिहून दिलं, जळजळ झालीच तर दुसरं सौम्य औषध दिलं, आणि मॅग्नेशियम आधी दोन दिवस शिरेतून आणि मग गोळ्यांनी द्यायचं ठरलं.

“म्हणजे माझा हात...” बाईंनी बोटं पुढे धरली.

“परत येईल, बाई. मला सुई धरायला शिकवलेला हात आहे तो. मी बरी जाऊ देईन!”

बाई जिन्यावरून उतरल्या त्या अर्ध्या हसत, अर्ध्या स्वतःवर चरफडत. घरी आल्यावर यजमान म्हणाले, “सात वर्षं मीच तुला आजारी पाडत होतो म्हणजे.”

“वेडे आहात का? मला कळायला नको होतं? माझा धंदा आहे तो.”

“आता सकाळी उठून मी देऊ काय तुला?”

बाईंना भडभडून आलं. या माणसाने आयुष्यात कधी गोड बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं सगळं गोड बोलणं त्या पेल्यातच असायचं. “पाणी द्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातचं पाणी मी सोडलेलं नाही.” दुसऱ्या दिवशी पेल्याशेजारी बशीत मूठभर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि चार बदाम होते. यजमानांनी कुठे तरी वाचलं होतं, की यात मॅग्नेशियम असतं. बाईंनी ते चावून चावून खाल्लं.

गोळ्यांनी पहिला आठवडा पोट जरा बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी केली. दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्यांतले गोळे थांबले. मग पापणी स्थिर झाली, आणि यजमान म्हणाले, “आता मारतच नाहीस डोळा, नवरा जुना झाला वाटतं.” बाईंनी त्यांना मुद्दाम डोळा मारून दाखवला. पाचव्या आठवड्यात मॅग्नेशियम जागेवर आलं, आणि कॅल्शियमही मागोमाग सरळ वर चढून बसलं. त्या दिवशी चिठ्ठ्यांच्या टेबलावर बाईंनी एक जाड पुठ्ठा घेतला, ठळक अक्षरांत लिहिलं आणि खिडकीवर टांगला: ‘रोज घेता ते सगळं सांगा. जे औषध थोडंच आहे असं वाटतं, तेही.’ अक्षर रेघेसारखं सरळ आलं होतं. चष्मेवालीने ते पाहिलं आणि ती खुर्चीवरून उठली.

मंगळवार उजाडला. आजी आल्या, खुर्चीवर कोण बसलंय ते पाहिलं, आणि शेजारच्या रांगेतल्या माणसाला सरळ बाजूला सारून पुढे झाल्या.

“आलीस?”

“आले, आजी.”

आजींनी बाही सारली. हातावर पिवळे पडत चाललेले जुने डाग होते. बाईंना ते बघवेनात. आजींनी नेहमीसारखे डोळे गच्च मिटले. बाईंनी पट्टा आवळला, शीर चाचपली. ती तिथेच होती, खोल, बारीक, पळायच्या तयारीत. छातीत धडधडत होतं ते बोटापर्यंत येतंय का, हे बाईंनी क्षणभर पाहिलं. बोटं शांत होती. कापूस फिरला. दाराशी चष्मेवाली श्वास रोखून उभी होती.

थोड्या वेळाने आजी डोळे मिटूनच वैतागल्या.

“अगं टोच की आता! किती वाट बघायला लावतेस म्हातारीला?”

“झालं, आजी,” बाई म्हणाल्या. “कधीच झालं.”

आजींनी डोळे उघडले. नळी भरून टेबलावर उभी होती आणि कोपराच्या खळीत कापसाचा बोळा. त्यांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मग दुसऱ्या हाताने बाईंची बोटं घट्ट धरून ठेवली.