एकसष्ट माणसांचा एक फोन

सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या सावलीत एक टेबल होतं आणि टेबलामागे अर्जवाली मावशी. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारी कागद बघून लेखणी अडते, त्यांचे अर्ज ती भरून द्यायची. अर्जात मोबाईल नंबरचा रकाना सक्तीचा. तो कोरा दिसला की खिडकीतला कारकून अर्ज परत भिरकावायचा. आता ज्याच्याकडे फोनच नाही त्यानं तिथं काय कपाळ लिहायचं? मावशी आपलाच नंबर लिहून मोकळी व्हायची. असं करता करता एकसष्ट माणसं तिच्या एका नंबरावर नांदू लागली.

रोज दुपारी चारला फोन गुरगुरायचा. उद्या अमका विभाग, अमकी वेळ, अमकं नाव. कधी बारा संदेश, कधी चौदा. मावशी चिठ्ठ्या लिहायची आणि त्या त्या बाजूला जाणाऱ्यांच्या हाती द्यायची. पाववाला, बसचा कंडक्टर, पाण्याच्या टाकीवरचा वॉचमन. दोन वर्षांत एकच चिठ्ठी चुकली, तीही कंडक्टर तापानं फणफणला म्हणून.

मग दवाखान्यात काटकसरसाहेब आले. खरं पद लांबलचक होतं, पण ते उच्चारण्यात वेळ जातो म्हणून शिपायांनीच काटकसर केली. रोग्यांना आठवण करून देण्याचा खर्च फार होतो, असं त्यांनी शोधून काढलं. शोधलं कुठं, तर गार खोलीत खुर्चीवर बसून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते मावशीनं. यांनी शेळी कधी पाहिलीच नव्हती. खर्च कसा वाचवायचा याचा अहवाल मात्र त्यांनी गुळगुळीत कागदावर छापून घेतला. प्रती तीनशे.

त्या सोमवारी चार वाजता फोन एकदाच गुरगुरला. कान विभाग, एक म्हातारा. मंगळवारी पुन्हा एकच. मावशीला वाटलं, डॉक्टर रजेवर असतील.

बुधवारी सकाळी शिंपीण आली. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती बाह्या जोडायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ महिने रांगेत होती. गेल्या आठवड्यात तिनं डावी बाही उजवीकडे जोडली होती, तीही सलग नऊ सदऱ्यांना. मालकानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती.

"मावशी, माझा निरोप आला का गं?"

"नाही बाई. चल, विचारून येऊ."

कारकुनानं वहीतून मान वर केली नाही. "कालची तारीख होती. गैरहजर. नाव काढलंय. नवीन अर्ज करा, आठ महिने लागतील."

शिंपीण पदराची एक दशी बोटाला गुंडाळत राहिली. मावशी मात्र थेट साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेबांनी यंत्रात पाहिलं. "संदेश पोहोचलाय. हा बघा नंबर."

"हा नंबर माझा आहे."

"मग तुम्हाला पोहोचला."

"मला कानाचा पोहोचला. डोळ्याचा नाही."

"बरोबर आहे. एका नंबरला दिवसाला एकच. आधी या नंबरला चौदा-चौदा जायचे. एकाच बाईला चौदा वेळा कशाला आठवण करायची? शुद्ध उधळपट्टी."

"चौदा वेळा नाही हो. चौदा जणांना, एकेकदा."

"यंत्राच्या दृष्टीनं एक नंबर म्हणजे एक रुग्ण."

"तुमच्या दाराला घंटी एकच असेल," मावशी म्हणाली. "घरात माणूसही एकच राहतं का?"

साहेबांनी चष्मा पुसला. "लोकांनी स्वतःचे फोन घ्यावेत."

"तिला सुईचं नेढं दिसत नाही, साहेब. फोनवरची अक्षरं दिसली असती तर ती तुमच्या दारात कशाला आली असती?"

यावर साहेबांनी गैरहजर रोग्यांचा तक्ता दाखवला. आकडा दुप्पट झाला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, रुग्णांची उदासीनता.

दात कोरून पोट भरणाऱ्यांशी काय वाद घालायचा? मावशी बाहेर आली आणि शिंपिणीला घेऊन डोळ्यांच्या विभागात गेली. तिथल्या सिस्टर रिकाम्या खाटांकडे बघत उभ्या होत्या.

"आज सात जण आले नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर तिसरा चहा पितायत. काल नऊ होते. लोकांना झालंय तरी काय?"

"लोकांना काही झालेलं नाही. ही बघा, कालची गैरहजर. जिवंत आहे, उभी आहे."

सिस्टरनी शिंपिणीचे कागद चाळले. तपासण्या झालेल्या होत्या. "नाव तर काढलंय गं."

"खाट तर रिकामी आहे."

सिस्टरनी दाराकडे एकदा पाहिलं आणि पट्टा काढला. "बस इथं. रक्तदाब बघू दे. आणि मावशी, उद्यापासून साडेतीनला येत जा. सगळ्या विभागांची उद्याची यादी माझ्याकडे येते, उतरवून घे. कोणाला सांगू नकोस, नाहीतर त्याचाही अहवाल निघेल."

त्या दिवसापासून मावशी यादी उतरवू लागली. यादीत दुसऱ्यांच्या फोनवर अडकलेलीही नावं होती, त्यामुळे चिठ्ठ्या दुप्पट झाल्या, कागद पुरेना. शिपायानं तोड काढली. कोणी न उघडलेला गठ्ठा जिन्याखाली पडून होता, तोच आणून दिला. गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी. मावशीनं कात्रीनं एकेका पानाच्या आठ चिठ्ठ्या केल्या.

ऑपरेशननंतरच्या तपासणीचा निरोप शिंपिणीला अशाच चिठ्ठीवर गेला. ती आली तेव्हा चिठ्ठी हातात होती आणि नोकरी शाबूत होती. साहेबांच्या सत्काराचा फलक तेव्हा फाटकावर लागला होता. तिनं चिठ्ठी उलटी केली, हात लांब करून धरली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "संदेशांच्या खर्चात अठ्ठ्याहत्तर टक्के बचत."

"मावशी, हे गं काय?"

"काही नाही. मागची बाजू आहे ती."

शिंपिणीनं अंगठ्यानं कागद चोळून पाहिला, कापड बघतात तसा.

"छपाई मात्र स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि चिठ्ठी उलटवून वेळ किती दिलीय ते बघू लागली.