मुका इंडिकेटर

धुक्यात वळताना मागच्या टेम्पोला बाजीरावांचा इंडिकेटर दिसलाच नाही. धक्का निसटता लागला, पण मागं बसलेल्या सरूबाईचं कोपर सोलवटलं. त्या दिवसापासून ती मोटरसायकलवर बसली नाही. कामशेतच्या बाजाराला ती रिक्षानं जायची आणि तिच्या पुढं-मागं बाजीराव, रिकामी सीट घेऊन.

लग्नानंतर घेतलेली ती गाडी. कान्ह्याच्या रेल्वे फाटकावर अडली, की उजवा इंडिकेटर टिक... टिक करत राहायचा, आणि त्या ठेक्यावर सरूबाई हळूच ओवी धरायची:

फाटक लागलं बाई, गाडी येऊ दे सावकाश,
धन्याच्या पाठीमागं माझं एवढंच आकाश.

बाजीराव मान वळवायचे नाहीत. वळवली, की ती गप्प व्हायची.

यंदा त्यांनी निलेशच्या गॅरेजात चारही बल्ब एलईडी करून घेतले. उजेड लख्ख पडला, पण दिवे लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरच्या डबीला हे हलके बल्ब मानवेनात. दिवे चिमणीच्या पंखागत फडफडायला लागले. मग निलेशनं फ्लॅशरही बदलला. दिवे ठाय लयीत लुकलुकू लागले. टिकटिक मात्र गेली. नव्याला आवाज नसतो आबा, असं निलेश म्हणाला. तरी बाजीराव बराच वेळ त्या डबीला कान लावून उभे होते.

घरी त्यांनी अंगणात दिवा लावून दाखवला. सरूबाईनं पार बांधावर जाऊन बघितला. दिसतोय चांगला, एवढंच म्हणाली आणि पिशवी घेऊन रिक्षात बसली.

वाटेत रिक्षाच्या पुढंच बाजीराव दिसले. वळण केव्हाच मागं पडलं होतं, रस्ता सरळ होता, आणि उजवा दिवा आपला लुकलुकतोय. मागचे हॉर्न वाजवून दमले. सरूबाईनं रिक्षा पुढं घ्यायला लावली, हात करून त्यांना थांबवलं आणि खाली उतरली.

"अवो, म्हातारा वळतोय तरी कुटं, म्हणत्यात लोक. दिवा चालूच हाय की."

"टिकटिक ऐकू येत न्हाई गं आता."

"मंग मागनं सांगायचं कुणी?"

बाजीराव टाकीवरून नुसता हात फिरवत राहिले.

सरूबाईनं रिक्षावाल्याला जायला सांगितलं. पिशवी मांडीवर घेऊन ती मागं बसली, दुखरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"आदी ह्यो दिवा मिटवा. मंग चला."