हात सोडले, डोळे राहिले

आषाढी एकादशीला मारुतीच्या देवळात बायका बसल्या होत्या आणि चातुर्मासात कोण काय सोडणार ते बोलणं चाललं होतं. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा-लसूण, कुणी चहा. गोदूकाकीनं कारलं सोडलं.

"कारलं तू खातंस कुठं गो?" कुणीतरी विचारलं.

"म्हणून तर निभतं," काकी म्हणाली.

सगळ्या खिदळल्या, आणि त्या हसण्याच्या भरातच चंदाच्या तोंडून निघून गेलं, "मी मोबाइलावरचा खेळ सोडला."

हसणं थांबलं. वांगं सोडणं वेगळं आणि चंदानं खेळ सोडणं वेगळं, हे तिथल्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. गोदूकाकीनं तर तिच्या पाठीवर हात ठेवला. "असं जिवाचं सोडावं लागतं बायांनो." चंदानं मान खाली घातली खरी, पण त्या घटकेला तिला देवापेक्षा स्वतःचाच जास्त अभिमान वाटला होता.

खेळ तसा साधा होता. वर पाण्याची टाकी, खाली भाताचं शेत, आणि मधे वाकड्यातिकड्या नळांचे तुकडे. बोट लावलं की तुकडा वळायचा. सगळे सांधे जुळवून टाकी उघडायची. जुळले असले तर पाणी झुळझुळत शेतात पोचायचं आणि सनई वाजायची. एखादा सांधा उघडा राहिला की पाणी भसकन वाया. तीनदा पाणी सांडलं की मागची चार शेतं पुन्हा पहिल्यापासून.

आटगावच्या अलीकडच्या त्या वाडीत दुपारची जेवणं झाली, की चंदाच्या नवऱ्याच्या, अनंताच्या ओटीवर बायका जमायच्या. चंदा खेळायची, बाकीच्या बघायच्या. सासू रखमी तिच्या उजव्या खांद्याशी चिकटून बसायची, चष्मा नाकावर सावरत. गोदूकाकी म्हणायची, "तानसा धरणाचं पाणी दारावरनं मुंबईला जातं, आमाला एक थेंब नाय. चंदीच्या मोबाइलातलं तरी भाताला लागतंय!" आणि पाणी पोचलं की सासू म्हणायची, "चंदाचा हात लागला, की पोचलंच समज." चंदाचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. सासूनं तिच्या भाकरीला, भाजीला, कशालाच कधी असं नावाजलं नव्हतं.

एकादशीनंतर दोन दुपारी ओटी सुनी गेली. तिसऱ्या दिवशी सासूनं धाकट्या सुनेला हाक मारली, "हर्षाली, तुझ्या मोबाइलात घे गो तो नळांचा खेळ."

चंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आये, मी सोडलाय ना!"

"सोडलंस ते तू. मी बघायचं कुठं सोडलंय?"

हर्षाली मुरबाडकडची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती हसत बसली आणि पहिल्याच शेताचं पाणी तिनं सांडवलं. चंदा शेजारी वाल सोलत बसली होती. भिजून मोड आलेल्या वालाची सालं काढायला डोळे लागत नाहीत, बोटं आपोआप चालतात. तिनं मनाशी म्हटलं, हात सोडलेत आपण, डोळे थोडेच सोडलेत? आणि पहिले काही दिवस बघायला गंमतही वाटली. पोरीचा सांधा चुकायचा, पाणी भसकन जायचं, सासू कपाळाला हात लावायची. चंदा मनातल्या मनात सुखावायची आणि वरून म्हणायची, "हळूहळू जमतं गो."

हळूहळू जमलं.

नागपंचमीपर्यंत हर्षालीची बोटं चुरूचुरू चालायला लागली. गौरी गेल्या तोवर सासू चंदाच्या उजव्या बाजूची उठून हर्षालीच्या डाव्या बाजूला जाऊन बसायला लागली, कारण उजवीकडे उजेड येत नाही म्हणे. इतके महिने उजेड येत होता!

पण खरी आग लागली ती अनंता कसाऱ्याहून सुट्टीला घरी आला त्या दिवशी. चंदा खेळायची तेव्हा हा माणूस "डोळे जातील तुझे" एवढंच म्हणून आत जाऊन झोपायचा. आज तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावाच्या बायकोशी सरळ बोलायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून आईकडे बघून म्हणाला, "आये, तिला सांग, वरचा नळ आधी वळव."

हर्षालीनं डोक्यावरचा पदर सावरला, वरचा नळ वळवला. सनई वाजली.

"पोर हुशार हाय," अनंता म्हणाला आणि आत गेला.

चंदाचं नख वालात इतकं रुतलं, की डाळिंबी दुभंगली. रात्री देवापुढे दिवा लावून ती जप करायला बसली, तर डोळ्यांपुढे विठोबा येईना, नळ येत होते. आणि मणी ओढता ओढता तिला कळलं, की आपण एकच मागणं मागतोय. त्या शेतावर तिला अडकू दे.

ते शेत म्हणजे, जिथं एकादशीआधी चंदा स्वतः अडकली होती. टाकी एका कोपऱ्यात, शेत दुसऱ्या कोपऱ्यात, आणि टाकीच्याही मागे एक रिकामा हौद. तिनं नाना परी केल्या होत्या, तरी पाणी पोचलं नव्हतं. हर्षाली त्याच्या पलीकडे गेली, की पुढे जाणारी पहिली ती. मग कुणाला आठवणार, की आधी इथं कोण बसत होतं?

हर्षाली तिथं आली आणि अडकली. दोन दिवस अडकली. दोनदा पाणी सांडलं. आणि बघता बघता, हातात खेळ नसल्यामुळेच की काय, चंदाला एकदम दिसलं. पाणी शेताकडे न्यायचंच नाही. आधी उलटं, मागच्या हौदात. हौद भरला की तोच पुढे सोडतो. इतकं सोपं!

"ताई," हर्षालीनं तेवढ्यात विचारलं, "आता एकदाच सांडायचं राह्यलंय. तुमाला काय दिसतंय का?"

सगळ्या चंदाकडे बघायला लागल्या. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. व्रत होतंच पुढं करायला.

"हौदाला हात लावू नको," ती मऊ आवाजात म्हणाली. "खालचा नळ सरळ कर, नि सोड पाणी."

हर्षालीनं तसंच केलं. पाणी भसकन गेलं, आणि मागची चार शेतंही गेली.

"गेली गो मेहनत!" गोदूकाकी हसली. "मुरबाडची धरणं फुटली!"

हर्षालीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. "ताईंचं बरोबरच असंल. माझंच बोट घसरलं."

सासूनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि मोबाइलाकडे नाही, चंदाच्या तोंडाकडे पाहिलं. इतके महिने खांद्याशी खांदा लावून बसलेली बाई ती.

चंदानं वालाची परात खाली ठेवली. "तुझं बोट नाय घसरलं. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं."

हर्षालीला ती थट्टा वाटली. मग वाटली नाही. तिनं मोबाइल चंदापुढे सरकवला. "मग खेळा तुमीच. चातुर्मास नव्हताच तुमचा."

मोबाइल पुढ्यात उजळलेला होता. चंदाचं बोट खरोखरच पुढं गेलं. चार शेतं काय, तिनं एका बैठकीत भरून दिली असती, आणि पाचवंही. सासू परत उजवीकडे आली असती. तिनं बोट मुठीत मिटलं आणि परात उचलून ती मागल्या पडवीत गेली. "आजपास्नं बघणं पण सोडलं," एवढंच म्हणाली, आणि तेही कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आठवडाभर जावाजावांत कामापुरतं बोलणं झालं. मग एका दुपारी ओटीवर पुन्हा बायकांचे आवाज आले. पडवीत चंदा नाचणी पाखडत होती. पाठ फिरवली, डोळे सुपात घातले, तरी सांधे जुळल्याची टकटक येतच होती. कान राहिलेच होते. टकटकीवरून ती ओळखत गेली. पहिलं शेत. दुसरं. तिसरं. चौथं. मग टकटक थांबली, ती तेच शेत आल्यावर थांबावी तशी.

"अडकू दे," चंदाच्या मनानं म्हटलं. तिनं लगेच जीभ चावली आणि "पांडुरंग, पांडुरंग" सुरू केलं. पांडुरंगाच्या आत पुन्हा ते आलंच. अडकू दे. तिनं आणखी मोठ्यानं नाव घेतलं.

बऱ्याच वेळानं एक टक वाजली. ही हौदाकडची. चंदाचं सूप थांबलं. दुसरी टक. आणि मग पाणी निघालं, उलट्या दिशेनं, सावकाश भरत, थांबत, पुन्हा भरत. सनई वाजली. ओटीवर एकच गलका झाला.

"चंदे!" सासूनं ओटीवरून मोठ्यानं हाक मारली. "ऐकलंस का गो? पोचलं!"

काळजाला जो चावा बसायचा तो बसलाच.

"ऐकलं, आये," ती म्हणाली. "आता पुढलं लाव म्हणावं तिला." आणि सूप पुन्हा हलवायला लागली.