पावणेचारला बदललेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि आज कोणती तारीख आहे हे मला ठाऊक नाही. हसू नका. तेवीस वर्षं मी हजारो लोकांना तारीख दिली, आणि आता माझंच डोकं असं चक्रावलं आहे की काय खरं आणि काय खोटं ते कळेनासं झालं आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. वर लाकडी मूठ, खाली लोखंडी चौकट आणि पोटात रबराचे तीन पट्टे: दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. दातेरी चाकावर अंगठा फिरवला की पट्टा एक घर सरकतो. आकड्यांच्या वर कोरलेलं आहे, ‘अर्ज मिळाला’. तिथून माझी रवानगी झाली ती थेट परदेशातून आलेल्या लोकांच्या कचेरीत. इथे राहू द्या, इथे काम करू द्या, घरच्या माणसाला इथे आणू द्या, असे अर्ज घेऊन लोक तिथे येत.

तीन नंबरच्या खिडकीवर जे कारकून बसत, त्यांना सगळे काका म्हणत. माणूस मोठा टापटिपीचा. दर शनिवारी ते सुईने माझ्या आकड्यांतली वाळलेली शाई काढत. काय कौतुक होतं तेव्हा माझं! मी पावतीवर उमटलो की लोकांच्या जिवात जीव येई. एक सुतार तर ओल्या शाईवर फुंकर घालत घालतच दारापर्यंत गेला होता.

काकांची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते एका सकाळी तारीख बदलायला विसरले आणि चाळीस अर्जांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. मोठ्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या अधिकारी बाईंनी, सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली. तेव्हापासून काकांनी धसकाच घेतला. खिडकी चारला बंद होई, पण पावणेचार वाजले की ते माझं चाक फिरवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावून ठेवत. “उद्याची कटकट आजच मिटली,” असं म्हणत. त्या वेळेला सहसा कुणी येत नसे.

मग कायदा बदलायचं वारं सुटलं. हॉलमधल्या टीव्हीवर रोज माणसं तावातावाने भांडू लागली. आमच्याकडेही तेच. दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाई म्हणायच्या, “घर बघूनच पाहुणे बोलवायचे ना? अर्जांचे ढीग पडलेत, कुणालाच वेळेत उत्तर मिळत नाही. थोडे घ्या, पण नीट घ्या.”

दारावरचा पहारेकरी म्हणायचा, “बाई, तुमचे आजोबा कुठून आले होते?”

“ते वेगळं होतं.”

“हो तर. प्रत्येकाचे आजोबा वेगळेच असतात.”

मला बाईंचंही पटायचं आणि पहारेकऱ्याचंही पटायचं. शेवटी मी विचार करणंच सोडून दिलं.

अखेर नवा कायदा आला. यापुढे नवरा, बायको आणि लहान मुलं एवढ्यांनाच बोलावता येणार होतं. बहीणभाऊ त्यातून वगळले होते. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळालेले अर्ज जुन्या कायद्याने पाहायचे, सोळापासून नव्याने. म्हणजे पंधराला जी सख्खी बहीण घरचं माणूस होती, ती सोळाला परकी झाली. एका रात्रीत तिचं काय बदललं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पंधरा तारखेला, चारला पाच मिनिटं कमी असताना, धापा टाकत एक बाई खिडकीशी आली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती फाटक्या चादरी शिवत असे. आईबाप गेल्यावर थोरल्या बहिणीने तिला वाढवलं होतं. आता त्या ताईला दिसेनासं होत चाललं होतं आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिला आणण्यासाठी ही तिसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा ताईचा जन्मदाखला नव्हता, दुसऱ्यांदा फोटोत कान दिसत नव्हते.

“काका, आहे ना हो वेळ?”

“आहे आहे. केवढी घामाघूम झालीस! दे इकडे.”

अर्जावर एकदा आणि पावतीवर एकदा, मी उमटलो. सोळा तारीख! पावणेचारला काकांनी सवयीने चाक फिरवलं होतं. काकांनी पाहिलं नाही. त्या बाईने तर आनंदाच्या भरात पावती घडी करून पिशवीत टाकली. मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो.

तीन महिन्यांनी नकाराचं पत्र हातात घेऊन ती परत आली. “काका, मी आदल्या दिवशीच आले होते हो! घामाघूम झालीस असं तुम्हीच म्हणालात.”

काकांनी पावती पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मोठ्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, “माणसं विसरतात, काका. शिक्का विसरत नाही. कागदावर सोळा आहे ना, मग सोळाच.”

माझी एवढी स्तुती कुणीच कधी केली नव्हती, आणि मला एवढी लाजही कधी वाटली नव्हती.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं लिहून दिलं.

“रोज पावणेचारला?” बाईंनी कपाळाला हात लावला. “तेवीस वर्षं? अहो, शेवटच्या पंधरा मिनिटांत आलेल्या सगळ्यांच्या तारखा आता संशयात येतील!”

“येतील,” काका म्हणाले. “पण खरं तेच आहे.”

पुरावा म्हणून मला एका पिशवीत घालून तिला लाखेचं सील लावलं. माझ्या जागी यंत्र आलं. इकडे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. चुकीच्या तारखेचं काय करायचं, याबद्दल नव्या कायद्यात अक्षर नव्हतं आणि जुना कायदा तर गेलाच होता. जो तो कानावर हात ठेवी. वर्षभर त्या बाईचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी सुनावणी झाली. काका निवृत्त झाले होते, तरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. सुनावणीच्या साहेबांनी पिशवी फोडली, माझं चाक एक घर मागे केलं आणि मला कोऱ्या कागदावर उमटवलं. पंधरा. एक घर पुढे. सोळा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

“हे तर अंगठ्याचं काम आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. “आणि यावर आपण माणसाचं नातं ठरवलं?”

त्यांनी काकांचा शब्द मानला. अर्ज जुन्या कायद्याने पाहायचा, असं ठरलं. त्या बाईने तिथूनच फोन लावला. “ताई, अर्ज घेतला गं आपला! हो, घेतला!” ती हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही.

दारापर्यंत जाऊन ती परत आली.

“साहेब, त्या दिवशी माझ्या पुढे दोघं होते. एक म्हातारे गृहस्थ आणि एक गरोदर बाई. त्यांनाही सोळाच पडली असेल ना?”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. मग काका हळूच म्हणाले, “ते विचारायला आलेच नाहीत.”

होते, मित्रांनो, ते दोघंही होते. त्यांच्या पावत्यांवरही मी सोळा होऊनच उमटलो होतो. आणि इतका वेळ स्वतःची कहाणी सांगताना मीसुद्धा त्यांना विसरलो होतो, कारण ते परत आले नाहीत. कागदावर लिहिलंय म्हणजे आपलीच चूक असणार, असं समजून ते गप्प बसले असतील.

आता काका पगार नसतानाही रोज येतात आणि मला जिथे ठेवलंय त्याच रेकॉर्ड रूममध्ये त्या दिवसाचा गठ्ठा शोधतात. कागद सापडतीलही, पण माणसं सापडतील का, कोण जाणे. माझी चाकं पुसा, शाई बदला, असं काही मी मागत नाही. मला हातात घेणाऱ्याने आधी माझ्यावरचा आकडा पाहावा, आणि मग समोरच्या माणसाकडे पाहावं. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असा नकाराचा कागद पडून असेल, पावतीवर सोळा तारीख असेल, तर त्यांना एवढं सांगा, की ते वेळेवर आले होते.