माझ्या पोटातली पिठाची नळी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना, प्लॅस्टिकचा, कमरेपर्यंतचाच माणूस आहे. हातपाय मला कारखान्यातच दिले नाहीत, त्यामुळे पळून जाण्याची सोय नाही. माझे अर्धे डोके उघडे आहे आणि आत मेंदू दिसतो. उरलेल्या अर्ध्या भागावर एक डोळा, एक कान आणि अर्धे हसू आहे. पुढचे झाकण काढले की फुफ्फुसे, हृदय, यकृत, जठर, आतडी अशी सगळी मंडळी आपापल्या जागी बसलेली दिसतात. त्यांना बाहेरही काढता येते. पोटात एक आणि ओठात एक हे मला जमण्यासारखेच नाही.

कारखान्यात रक्तवाहिन्या रंगवायला एक मावशी होत्या. खरे तर माझे ओठ सरळ असायचे होते. मावशींनी इकडेतिकडे पाहिले आणि ब्रश हळूच वर ओढला. "जन्मभर लोक याची आतडी काढणार, निदान तोंड तरी हसरं असू दे," असे त्या पुटपुटल्या. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

माझी पहिली नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत होती. मुले मला पोटोबा म्हणत. त्यांनी मला मिशा काढल्या, माझ्या मेंदूत खडू लपवले आणि एकदा तर माझे डावे मूत्रपिंड चेंडू म्हणून मैदानावर नेले. ते कुंपणापलीकडे गेले ते गेलेच. विज्ञानाच्या बाईंनी सुताराकडून लाकडाचे करून आणले. बाई जठर हातात घेऊन शिकवू लागल्या की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा माना उंच करून बघत. मग एके दिवशी भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर हृदय म्हणे खरोखर धडधडत होते. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, फाटके नकाशे होते, आणि एका कोळ्याने माझ्या छातीत संसार थाटला होता. मी रडलो असतो, पण माझे ओठ रंगवलेले होते ना!

पुढे त्या बाईंच्या बहिणीला कर्करोग झाला. बहिणीला घेऊन त्या रुग्णालयात जात. तिथे तळमजल्यावर एक लहानशी खोली होती, रुग्णांना आणि घरच्यांना आजाराची माहिती देण्यासाठी. त्या खोलीतल्या ताईंनी कागदावर जठराचे चित्र काढले, ते अगदी वांग्यासारखे झाले. बाई शिक्षिकाच त्या! त्यांना ते बघवेना. त्यांनी शाळेशी बोलून मला झाडूनपुसून थेट त्या खोलीत पाठवून दिले. कोळ्याला नवे घर शोधावे लागले.

त्या ताईंना सगळे सांगाताई म्हणतात. कारण कोणी घाईघाईने काही विचारू लागले की त्या म्हणतात, "आधी तुम्ही सांगा." मग त्या ऐकत राहतात. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. आजार एकच तर माहिती एकच, असे माझे प्लॅस्टिकचे मत होते. पण तसे नसते, मित्रांनो. एका आजोबांना औषधांविषयी काहीच विचारायचे नव्हते. त्यांनी महिनाभर नातीला जवळ घेतले नव्हते, आपला आजार तिला लागेल म्हणून. सांगाताईंनी त्यांना कर्करोग असा स्पर्शाने लागत नाही एवढेच समजावून सांगितले. आजोबा तडक बाहेर गेले आणि नातीला कडेवर घेऊनच परत आले. मग ती नात माझ्या फुफ्फुसांशी खेळत बसली. कोणाला सगळे काही हवे असते, तर कोणी म्हणते, "फक्त उद्या काय होणार तेवढंच सांगा." ताई तेवढेच सांगतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एके दिवशी बेकरीवाले काका आणि काकू आले. काका धिप्पाड, हाताच्या केसांत पीठ अडकलेले. त्यांच्या जठरात कर्करोग होता. तो अजून बाहेर पसरलेला नव्हता, म्हणून डॉक्टरबाईंनी संपूर्ण जठर काढायचे ठरवले होते. उशीर करू नका, असे बजावलेही होते. पण काका ऑपरेशनला नाही म्हणून बसले होते.

"भाऊजींनी मोबाईलवर पाठवलंय," काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "जठर काढलं की माणूस जन्मभर नळीवर जगतो म्हणे. तेव्हापासून हे ऐकतच नाहीत."

"मग काय चुकीचं आहे?" काका गुरगुरले. "पाव भाजण्यात आयुष्य गेलं माझं. उद्या मला पाव खाताच येणार नसेल, तर जगून करू काय?"

सांगाताईंनी माझे झाकण काढले. त्या काही बोलण्याआधीच काकांनी माझे जठर उपटून टेबलावर ठेवले आणि उरलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवले. "हे बघा. इथे भगदाड आहे. घास जाणार कुठे?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरोखरच वरून अन्ननलिका लोंबत होती, खाली आतडी होती आणि मध्ये काहीच नव्हते. माझी आतडी एकसंध, घट्ट बसवलेली. ती वर खेचता येत नाहीत. ताई सांगत होत्या, "काका, डॉक्टर लहान आतडं वर घेतात आणि अन्ननलिकेला जोडतात. घास तिथून सरळ खाली जातो." त्यांनी ओढणीची गुंडाळी करून मध्ये धरूनही दाखवली. काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा विश्वास ताईंवर नव्हता, माझ्या भगदाडावर होता.

"आणि चव?" त्यांनी विचारले. "पावाची चव कळेल मला?"

"मला नक्की माहीत नाही," सांगाताई म्हणाल्या. "अंदाजाने काही सांगणार नाही. आज विचारते, उद्या सांगते. याल ना?"

मला वाटले, संपले, आता काका उठणार. काका उठलेही. पण दारात थबकले आणि काकूंना म्हणाले, "ऐकलंस? आजार झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माहीत नाही म्हणालं. आपल्या आळीत तर सगळ्यांना सगळं माहितीये. येऊ उद्या."

दुसऱ्या दिवशी ताई पक्की माहिती घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरबाईंशी आणि आहारतज्ज्ञांशी बोलून आल्या होत्या. "चव जिभेवर असते, तिला कुणी हात लावणार नाही. सुरुवातीला तोंड बेचव वाटेल, पण ते काही दिवसच. पाव लगेच नाही, आधी पातळ, मग मऊ. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा खायचं. तुमची भट्टी पहाटे लागते ना? मग पहिलं खाणं भट्टी तापेपर्यंत, दुसरं पहिला घाणा निघाल्यावर, असं आपण तुमच्या कामाप्रमाणे बसवू. वजन उतरेल. कधी खाल्ल्यावर गरगरेल. एका जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कायम घ्यावं लागेल. आणि पाव चालू केलात की आधी भाजलेला घ्या, ताजा मऊ पाव आत चिकटतो."

"ताजा नाही?" काकांचा चेहरा पडला. "म्हणजे मी ताजा विकायचा आणि कडक खायचा?"

"काही महिने," ताई म्हणाल्या. "मग हळूहळू बघू."

इतक्यात काकूंनी पिशवीतून डबा काढला. आत बेकरीतले मळलेले पीठ होते. "ताई, काल ओढणीनं यांना पटलं नाही. यानं करून दाखवता का?"

ताईंनी पीठ वळायला घेतले. काय सांगू, मित्रांनो! ती नळी एकीकडे जाड, एकीकडे बारीक, मध्ये तुटकी. ताईंनी ती माझ्या अन्ननलिकेला चिकटवली, ती गळून पडली. पुन्हा चिकटवली, पुन्हा पडली. काका आधी खिडकीबाहेर बघत होते. मग तिरक्या नजरेने बघू लागले. मग त्यांना अगदी असह्य झाले.

"सरका, सरका! याला जोड म्हणतात होय? भट्टीत असा जोड तोंड उघडतो."

त्यांनी बाह्या सरसावल्या. दोन हातांत पीठ घोळवून सुरेख, एकसारखी नळी केली. बोट पाण्यात बुडवून दोन्ही टोकांवर फिरवले, वर अन्ननलिकेला, खाली आतड्याला नळी जोडली आणि चिमटीने कडा दाबत गेले. माझे भगदाड बुजले. काका मागे सरकून आपले काम बघू लागले.

"म्हणजे डॉक्टरबाई हे असं करणार?"

"ऑपरेशन मोठं आहे, काका. जपावं लागेल, खात्री कुणी देणार नाही. पण जोडणी अशीच."

नेमक्या तेव्हाच डॉक्टरबाई दारातून जात होत्या. ताईंनी त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून माझ्या पोटात पाहिले. "कुणी केलं हे? माझ्या जोडापेक्षा नीट आहे."

"मग तुमचा सुधारा," काका म्हणाले. "मला कधी येऊ तेवढं सांगा."

काकू हसता हसता रडू लागल्या. माझे ओठ रंगवलेले असूनही मी त्या दिवशी पूर्ण हसलो, असे मला वाटते.

ऑपरेशन झाले. पीठ माझ्यात वाळून कडक झाले, पण ताईंनी ते काढू दिले नाही. काही महिन्यांनी काका आले. सदरा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा अंगावर लोंबत होता. आवाज मात्र तसाच गुरगुरणारा. आता ते अधूनमधून येतात. ज्यांचे जठर काढायचे आहे, त्यांच्याशी बोलण्यासाठी ताईच त्यांना बोलावतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारी पडले तर ऐकीव गोष्टी त्याच्या कानावर घालू नका. त्याच्या मनात काय आहे ते विचारा. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा आणि ज्याला माहीत आहे त्याच्याकडे त्याच्याबरोबर जा. प्लॅस्टिकच्या माणसाला हे कळले, तर तुम्हाला का कळणार नाही?

कालच जठर काढायचे असलेला एक बसचालक आला होता. टोपी मुठीत आवळून, माझ्या पोटाकडे न बघता बसून होता. काकांनी खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला. ताजा. त्यांनी एक लहानसा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. मग त्यांनी गिळला.

"गेला?" बसचालकाने विचारले.

"गेला की."

बसचालक खुर्ची ओढून जवळ सरकला. "अजून एक खा बघू," तो म्हणाला.

आणि काकांनी खाल्ला.