हिरीची पाठ

मित्रांनो, पोशेरा गावाजवळच्या एका पाड्यावर, अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या आकड्याला कापडी झोळी लावतात आणि झोळीत तुमच्यासारखी लेकरं. किती आली, किती रडली! वजन वाढलं की आया हसायच्या. सेविका पुष्पलताताई कौतुकानं माझी धूळ पुसायच्या. आता माझा रंग उडालाय, स्प्रिंग ढिली झालीय. थकलोय मी.

एका हिवाळ्यात प्रेमा आपल्या हिरीला घेऊन आली. हिरी चार वर्षांची.

"झगा राहू द्या ताई, गारठा हाय," प्रेमा म्हणाली.

"अगं, कपड्यानं वजन चुकतं." ताईंनी झोळीतल्या हिरीचा झगा वर केला आणि त्या थबकल्या. पाठीवर भाजल्याचे डाग होते. काही जुने, पांढुरके. काही अजून ओले. झोळीचा पट्टा त्या डागांना घासला, तरी हिरी रडली नाही.

"चुलीवर पडली," प्रेमा पुटपुटली.

"पाठीवर? आणि पुन्हा पुन्हा?"

ताईंनी हिरीला मांडीवर घेतलं. घाई केली नाही. "तुझी काही चूक नाही, बाय," एवढंच म्हणाल्या.

ताईंचा पदर मुठीत धरून हिरी बोलली, "बा चटका देतो."

प्रेमा म्हणाली, "बोलले असते तर मलाबी मारलं असतं त्यानं."

मदतनीस गोजाबाई कुजबुजली, "घरातली भानगड ती. आपण कशाला पडायचं मधी?"

"मग कोण पडणार, मावशी?" ताईंनी मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर लावला आणि जीपनं मायलेकींना दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी बाप, हेमराज, अंगणवाडीच्या दारात येऊन ओरडला, "माझी पोर हाय, मी काय बी करीन!" ताई दारातून हलल्या नाहीत. पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. पाड्यावरच्या काही जणांनी मात्र ताईंशी बोलणंच टाकलं.

हिरी आता आईबरोबर साखरशेतला मामाकडे असते. जखमा भरल्या. अजूनही कोणी हात उचलला की ती डोकं झाकून घेते.

मुलांनो, घरातलंच माणूस इजा करत असेल तरी ते लपवू नका. सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, लेकरू सांगायला आलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. तेवढं बोलायलाच त्याचं सगळं बळ संपलेलं असतं.