न केलेलं भाषांतर

उस्ताद तौहामी आमच्याच गल्लीत राहायचे. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि साऱ्या ट्युनिसमध्ये त्यांच्या नावाला वजन होतं. माझी धाकटी बहीण मनूबिया जन्मापासून बहिरी. एक दिवस ते बाबांना म्हणाले, "पोरीला माझ्या वर्गात पाठवा. मुलांना एक गोष्ट समजावून सांगायची आहे. मग बहिऱ्यांच्या शाळेत मी स्वतः घालतो तिला."

बाबांनी तिला ईदचा झगा घालायला लावला. मी तिचा हात धरून गेले. वर्ग खचाखच भरला होता. उस्तादांनी तिला आपल्या टेबलाशेजारी उभं केलं आणि बोलायला लागले. भाषा आहे म्हणून मन आहे. जिच्याकडे शब्द नाहीत तिच्याकडे जगही नाही. भाकरी, समुद्र, आई, सगळं तिला एकच धुकं.

तेवढ्यात मनूबिया त्यांच्याकडे बघून हसली.

"बघा," उस्ताद म्हणाले, "हसतेय. कशाला? कशालाच नाही. रिकाम्या घराचं दार वाऱ्यानं उघडतं ना, तसं."

मुलं खो खो हसली. आपल्याबरोबर हसतायत असं वाटून मनूबिया आणखी हसली.

शाळेचं काही झालं नाही. बाबा विचारायला गेले की उस्ताद दारातूनच वाटेला लावायचे. त्यांचं पुस्तक मात्र निघालं. त्यात माझी बहीण होती, नावानिशी. गल्लीतली पोरं तिला 'रिकामं घर' म्हणून हाका मारायची. तिला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

पुढे शाळा आम्हीच शोधली. मनूबिया हातांची भाषा शिकली आणि घरी येऊन मला शिकवत गेली. आज ती त्याच शाळेत बाई आहे आणि मी दुभाषी.

गेल्या वर्षी उस्तादांचा सत्कार ठरला. आयोजकांना बहिऱ्यांची संघटनाही हवी होती. फोटोत बरं दिसतं. भाषांतराला मला बोलावलं. मी मनूबियाला सांगितलं तेव्हा ती ब्रीक, अंड्याचे समोसे, तळत होती. तिनं गॅस बंद केला आणि हातांनी विचारलं, "पुढची रांग मिळेल?"

सभागृहात उस्तादांनी मला ओळखलं नाही. टेबलामागे उभं राहून त्यांनी तेच जुनं भाषण केलं. हातवारे म्हणजे भाषा नव्हे, असंही वर सांगितलं. मी एकूण एक शब्द हातांनी पोचवला. मग प्रश्नांची वेळ आली आणि मनूबिया उठली. तिचे हात थोडा वेळ चालले. बहिऱ्यांच्या रांगा आधी टेबलाखाली वाकून बघायला लागल्या, मग हसून लोटपोट झाल्या.

"काय म्हणतायत त्या बाई?" उस्तादांनी मला विचारलं.

"कुठं काय म्हणाल्या?"

"अहो, भाषांतर करा ना!"

"कशाचं करू, उस्ताद? हातवारे म्हणजे भाषा नव्हे, तुम्हीच म्हणालात आत्ता."

"सगळे हसतायत! काहीतरी बोलली असणारच ना ती!"

"वारा असेल."

त्यांचा चेहरा उतरला. "कोण आहे ही?"

"मनूबिया. तुमचं रिकामं घर."

ती म्हणाली होती ते असं: "त्या दिवशी टेबलाखाली तुमचा पाय लटपटत होता. समोरच्यांना दिसत नव्हतं, मी बाजूला होते, मला दिसलं. एवढा मोठा माणूस घाबरलाय, धीर द्यावा, म्हणून हसले. आजही लटपटतोय. आज नाही हसणार."

आयोजक माझ्या कानाशी लागले, "बाई, सांगून टाका हो!" मी नकाराची मान हलवली. शेवटी उस्ताद स्वतः खाली उतरले आणि मनूबियासमोर जाऊन एकेक अक्षर ओरडले, "काय— म्हणा— लात?" तिला ओठ वाचता येतात. तिला सगळं कळलं. तरी ती कोऱ्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना हवा होता अगदी तसा चेहरा. त्या रात्री लागली एवढी गाढ झोप मला इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती.

माझ्याविरुद्ध तक्रार गेली. कामं तुटली. तुटू देत.

महिन्याभरानं उस्ताद मकरूदची, खजुराच्या मिठाईची, पेटी घेऊन आमच्या दारात. "मुली, तेवढं एक वाक्य सांग. मला चैन पडत नाही गं."

मनूबिया बाहेर आली. "काय म्हणतोय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचं उत्तर मात्र मी शब्द न् शब्द त्यांना दिलं: "कळून घ्यायचं असेल तर माझ्या वर्गात या. पहिलीच्या पोरांबरोबर बाकावर बसावं लागेल."

ते पेटी उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. शाळेत आले नाहीत. मकरूद आम्ही दोघींनी तिथंच उभ्याउभ्या संपवले.

अजूनही बाजारात समोर आले की ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. मी हात खिशात घालते.